दादलो रूख

आमच्या खात्यात झाडांना नावं नसतात.
रजिस्टरात रकाना एकच : अडथळा.
माड, फणस, सातवीण, कुणाच्या दारातला मानकुराद,
सगळे त्या एका रकान्यात,
पुढे छाटल्याची वेळ, खाली माझी सही.

भिरंड समोर आली की मात्र माझा हात रेंगाळतो.
इनासला ते ठाऊक आहे.
तो शिडी टेकवून म्हणतो, "तुजी सोयरी आयली मरे,"
आणि विडी पेटवायला पाठ फिरवतो.

सोयरीच.
आमच्या मांगरामागे पाटाच्या कडेला चार होत्या.
फांद्या जमिनीकडे झुकलेल्या,
आत शिरलं की भर दुपारी दिवेलागण.
पालवी तांबडी, कोवळी.
शाळेत जाताना मूठभर चावत जायचो,
मग दात आंबायचे
आणि पाढे म्हणताना
सत्ते सातापुढे जीभ सरकायची नाही.
मे महिन्यात आई सुपावर सोलं घालायची,
बोटं महिनाभर जांभळी.
बिया कुटून, उकळून, वर आलेलं भिरंडेल
करवंटीत थिजवून ठेवायची.
माझ्या टाचांच्या भेगा तिनं त्यानंच बुजवल्या.
अजून खांबावरून उतरलो की
बूट काढून मी तेच चोळतो.
खात्यानं दिलेलं मलम कपाटात आहे,
झाकण न उघडलेलं.

गेल्या माघात सावईवेऱ्याला शटडाऊन होता, दहा ते दोन.
प्रेमावतीबायच्या कुळागरात
अकरा केव्हीच्या तारेला शेंडा टेकलेला,
सरळ, देवळापुढच्या दीपमाळेसारखा,
अंगभर पिवळट बारीक फुलं.
मधमाश्यांचा आवाज एवढा,
की लाइन खरंच बंद आहे ना,
म्हणून मी दोनदा विचारून घेतलं.

बाय म्हणाली, "मुळांतल्यान काड.
दादलो रूख तो. ताका फळ धरना.
म्हज्या घोवान तीस वर्सां वाट पळयली."

मी काही शेतकी अधिकारी नाही.
आई म्हणायची तेवढंच सांगितलं :
दादला गेला, की बाकीच्यांचा भार हलका होतो.
खाली पाटाकडे हात केला.
तिथल्या पाच भिरंडी दर उन्हाळ्यात
मोडतील की काय इतक्या लगडतात,
हे तिनंच सकाळी चहा देताना सांगितलं होतं.

ती बराच वेळ वर बघत राहिली.
पदरावर एक फूल पडलं, ते तिनं झटकलं नाही.
"त्यांना हे कुणी कधी सांगितलं नाही,"
म्हणाली. आता मराठीत,
परक्यासमोर बोलावं तसं.

तारेला लागणाऱ्या तीन फांद्या मी उतरवल्या, आणि शेंडा.
त्याहून एक काडी जास्त नाही.
बायनं त्या फांद्या जळणात टाकल्या नाहीत,
उभ्या करून ठेवल्या मांगराच्या भिंतीला.

संध्याकाळी रजिस्टरात लिहिलं, अडथळा.
मग समासात, बारीक अक्षरात : भिरंड, नर.
कुतिन्हो साहेबांनी त्याभोवती लाल गोल काढला.
विचारलं मात्र काही नाही.
गोल अजून तसाच आहे,
दुरुस्त करायला कुणी सांगितलेला नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती रजिस्टरात नाही.
मेपासून माझ्या डब्याच्या वरच्या पुडात बिया असतात.
या सेक्शनमधल्या सगळ्या तारा मला पाठ आहेत,
म्हणजे तारा नाहीत त्या जागाही.
पडक्या बांधाआड, ओहळाच्या वळणावर,
जिथं उद्या कुणी खांब पुरेल असं वाटत नाही,
तिथं बोटानं भोक पाडून एकेक सोडतो.
सात-आठ वर्षं कळत नाही
उगवलेला कोण आहे.
माझी नोकरी उरली चार.

इनास विचारतो, "दादले कितले? बायलो कितल्यो?"
मी म्हणतो,
वर तार नाही,
एवढंच बघून घेतलंय.